घरगुती हायहॅट कंट्रोलर: दाब नको, अंतर मोजा

तुमचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनिक ड्रम किटबरोबर आलेलं हायहॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचं) पेडल नुसतं उघडं का बंद एवढंच सांगतं, हाफ ओपन म्हणजे अर्धवट उघडा आवाज येतच नाही, म्हणून तुम्ही पेडलखाली एफएसआर (दाब ओळखणारा सेन्सर) चिकटवून आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला) जोडला आणि तरीपण व्हीएसटीमध्ये (लॅपटॉपवरच्या ड्रमच्या आवाजांच्या सॉफ्टवेअरमध्ये) आवाज ओपनवरून थेट क्लोज्डवर उडी मारतो. तुमच्या कोडला दोष देऊ नका, सेन्सरच या कामाचा नाही. एफएसआरला दाब कळतो, आणि पेडलची फळी त्याला टेकेपर्यंत दाब असतोच कुठे? म्हणजे पायाचा जवळजवळ सगळा प्रवास त्याच्या लेखी कोराच. वर फोम लावून थोडंफार जमतं पण फोम वापरून वापरून बसतो आणि मग रोज कॅलिब्रेशन करत बसा. आपल्याला अंतर मोजायचंय, दाब नाही.

अंतरासाठी बरेच जण टीसीआरटी५००० (परतून येणाऱ्या प्रकाशावरून अंतर ओळखणारा सेन्सर) सुचवतील, स्वस्त आहे आणि चालतो पण. फक्त त्याची एक खोड लक्षात ठेवा, साधारण अडीच मिलीमीटरवर त्याचा सिग्नल सगळ्यात जास्त असतो आणि त्याच्याही जवळ गेलात की परत कमी व्हायला लागतो, म्हणजे पेडल पूर्ण दाबलं की हायहॅट उलटा उघडल्यासारखा वागणार. त्यामुळे पूर्ण दाबल्यावरही चारेक मिलीमीटर फट राहील असा स्टॉपर हवाच. शिवाय तो इन्फ्रारेडवर चालतो, खिडकीतून ऊन आलं की रीडिंग हलतं. स्लाइड पॉट (सरकवायचा बदलता रेझिस्टर) लावता येतो पण हायहॅटचा पाय गाणंभर हलत असतो, ट्रॅक झिजतो आणि खरखर सुरू होते.

माझं मत विचाराल तर लिनियर हॉल सेन्सर (चुंबक जितका जवळ तितकं आउटपुट बदलणारा) घ्या, एसएस४९ई, आणि एक छोटा निओडिमियम मॅग्नेट. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. फक्त 'लिनियर' असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता ऑन-ऑफवाला हातात देतील आणि परत तिथेच याल. याची खरी गंमत अशी की मॅग्नेट लांब असताना रीडिंग जेमतेम हलतं आणि जवळ आला की झपाट्याने बदलतं, आणि खऱ्या हायहॅटचा आवाजही तसाच वागतो ना, झांजा बोटभर उघड्या काय आणि दीड बोट काय फारसा फरक नाही, सगळं सळसळणं शेवटच्या दोन-तीन मिलीमीटरमध्ये. जिथे बारकावा पायजे तिथेच सेन्सर बारीक मोजतो!

मॅग्नेट फळीच्या खालच्या बाजूला, सेन्सर खालच्या पट्टीवर. छापलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पाच व्होल्ट, ग्राउंड, आउटपुट. मॅग्नेट नसताना आउटपुट अडीच व्होल्ट म्हणजे आर्डुइनोच्या ॲनालॉगरीडला (व्होल्टेज वाचणाऱ्या कमांडला) ५१२ च्या आसपास, मॅग्नेट आला की एका बाजूने आकडा वर चढतो, दुसऱ्या बाजूने खाली, कुठलाही चालेल. मात्र पूर्ण दाबल्यावर आकडा एका जागी अडकून बसत असेल तर मॅग्नेट जास्त जवळ आलाय, सेन्सर सॅच्युरेट झालाय म्हणजे त्याची मोजायची मर्यादा संपलीय, मध्ये रबराचा तुकडा टाकून फट वाढवा. लोखंडी फ्रेमचाही थोडा परिणाम होतो म्हणून कॅलिब्रेशन सगळं घट्ट बसवल्यावरच करा, आधी टेबलावर करून उपयोग नाही.

बोर्ड प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या, ते लॅपटॉपला सरळ यूएसबी मिडी (वाद्यांचे संदेश पाठवायची पद्धत) उपकरण म्हणून दिसतात, उनोसोबत मध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागतं. किमान-कमाल रीडिंग घेऊन ० ते १२७ मध्ये बसवा, शून्य म्हणजे उघडा आणि १२७ म्हणजे बंद, आणि सीसी ४ वर (मिडीतल्या पायाच्या पेडलच्या कंट्रोल क्रमांकावर) पाठवा. आकडा दोननी तरी बदलला तरच पाठवा नाहीतर पाय स्थिर असताना पण मेसेजचा पाऊस पडतो. पायाने वाजवायचा 'चिक' (झांजा एकमेकींवर मिटल्याचा आवाज) म्हणजे मिडी नोट ४४, त्यासाठी दोन पातळ्या ठरवा, समजा ९० आणि १२०, पहिली ओलांडल्यापासून दुसरीपर्यंत किती मिलीसेकंद गेले त्यावरून व्हेलॉसिटी (आवाजाचा जोर) काढा. आणि पेडल परत ९० च्या खाली येईपर्यंत दुसरा चिक देऊ नका, नाहीतर डबल ट्रिगर होतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांची राहून जाते. तुमचं मॉड्यूल (किटचा मुख्य डबा) पॅडवर काठी पडली की स्वतःच ठरवून नोट ४२ (बंद) किंवा ४६ (उघडा) पाठवतं, त्याला तुमच्या सीसीचा पत्ताच नाही. म्हणून जुनं पेडल काढून ठेवा, पॅडवरून कायम एकच नोट येऊ द्या आणि व्हीएसटीमध्ये ती नोट सीसीवर चालणाऱ्या हायहॅट आर्टिक्युलेशनला (आवाजाच्या प्रकाराला) मॅप करा.

लॅपटॉपशिवाय थेट मॉड्यूललाच जोडायचं असेल तर आर्डुइनोचे पाच व्होल्ट मॉड्यूलच्या पेडल-जॅकमध्ये अजिबात घालू नका. बऱ्याच मॉड्यूलना तिथे नुसता बदलता रेझिस्टन्स हवा असतो. आधी मूळ पेडल दाबून आणि सोडून त्याच्या प्लगच्या टिप-स्लीव्ह, रिंग-स्लीव्ह (टोक, मधली कडी आणि मागचा भाग) यांच्यातला रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजा. पण मॉड्यूलच फक्त ऑन-ऑफ ओळखत असेल तर कितीही भारी सेन्सर लावून तिथे हाफ ओपन येणार नाही, मग लॅपटॉपचाच रस्ता.