गनस्मोक कुठून सुरू करावी?

अरे, गनस्मोक या जुन्या अमेरिकन काउबॉय टीव्ही मालिकेच्या 635 भागांचा आकडा बघून घाबरू नकोस, क्रमाने बघायची सक्ती नाही. 1955 ते 61 मधले अर्ध्या तासाचे कृष्णधवल भाग आधी घे. रंगीत 1966 पासूनचे, ते नंतर. पहिल्याच भागात डॉज सिटी गावात कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन गोळी खाऊन आडवा होतो! बरा झाल्यावर त्याला कळतं, समोरचा चपळ आहे, पण त्याचा नेम जवळूनच लागतो. मग डिलन अंतर राखून उभा राहतो. ती चकमक डोळ्यात तेल घालून बघ. भागाच्या सुरुवातीला तो बूट हिल या दफनभूमीतल्या थडग्यांपाशी स्वतःशीच बोलतो, ते फॉरवर्ड करू नकोस. सुधारू पाहणाऱ्या गुन्हेगाराला डॉज सिटी जगू देते का, तिथेच मालिका खरी रंगते. आणि डिलनचा लंगडणारा मदतनीस चेस्टर? मला तर डिलनपेक्षा तोच आवडतो.