वाचक विचारतात : बळीचा बकरा नेमका कोणता?

'बळीचा बकरा' हा शब्द बायबलमधून आला म्हणतात. पण बायबलमधला तो बकरा कापतात की सोडून देतात? आमच्याकडे यावर वाद झाला.
— एक वाचक, म्हापसा

दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण बकरे दोन आहेत. लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे : सातवा महिना, दहावी तिथी. मुख्य याजक त्या दिवशी भरजरी वस्त्रं बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा कापतो. दोन ओंजळी धूप निखाऱ्यांवर टाकून परमपवित्रस्थान, म्हणजे पवित्रस्थानातला सगळ्यात आतला भाग, धुराने भरतो आणि गोऱ्ह्याचं रक्त बोटाने सात वेळा शिंपडतो. मग पाळी बकऱ्यांची. त्यांच्यावर आधीच चिठ्ठ्या टाकलेल्या असतात, एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. पहिला कापला जातो आणि त्याच्या रक्ताने पवित्रस्थान शुद्ध होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, लोकांचे सगळे अपराध मोठ्याने कबूल करतो आणि नेमलेल्या माणसाबरोबर त्याला रानात धाडून देतो.

हातांकडे लक्ष द्या. नेहमीच्या पापबलीत जनावरावर एक हात ठेवायचा असतो, इथे दोन. नेहमीचं जनावर वाहिलं जातं, या बकऱ्यावर ओझं लादलं जातं. म्हणजे जो कापला जातो त्याच्यावर पाप घातलेलं नसतं आणि ज्याच्यावर पाप घालतात तो वेदीवर चढत नाही. मराठी वाक्प्रचाराने दोघांना एकाच दाव्याला बांधलं आहे. अर्थात आपल्याला बकऱ्याचा बळी ठाऊक व्हायला बायबलची गरज नव्हती. इंग्रजीत मात्र 'सुटून गेलेला बकरा' या अर्थाचा शब्द विल्यम टिंडलने 1530 च्या भाषांतरात घडवला. अजाजेल म्हणजे रानातला दुष्टात्मा, की एखादा तुटलेला कडा, की 'जाणारा बकरा', यावर जुन्या भाषांतरांतही एकमत नाही. टिंडलने तिसरा अर्थ धरला. दुष्टात्मा हा अर्थ घेतला तरी बकरा त्याला नैवेद्य म्हणून जात नाही. पुढच्याच अध्यायात तसल्या अर्पणांवर सरळ बंदी आहे.

'सोडून देतात' म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. यरुशलेमच्या मंदिरातल्या प्रथा मिश्ना या यहुदी ग्रंथात नोंदल्या आहेत. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला आणि किमतीला सारखे हवेत, एकाच वेळी विकत घेतलेले हवेत. धाडायच्या बकऱ्याच्या डोक्याला किरमिजी लोकरीची पट्टी बांधत. कड्यापाशी पोचल्यावर तिचे दोन भाग करून एक खडकाला आणि एक शिंगांच्या मध्ये बांधायचा, मग बकऱ्याला मागे ढकलायचं. अर्ध्या उतारापर्यंत पोचण्याआधीच त्याची हाडं सुटी होत. लेवीयात हे ढकलणं नाही. पण पापं घेऊन निघालेला बकरा संध्याकाळी गावात परत आला तर काय, ही अडचण बकरी पाळणाऱ्याला समजावून सांगायला नको.

येशूला 'देवाचा कोकरा' म्हणतात. मग बकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय?
— एक वाचक, मडगाव

कोकरू वल्हांडणाचं, म्हणजे इजिप्तमधल्या सुटकेच्या आठवणीच्या यहुदी सणाचं. निर्गम 12 प्रमाणे ते एक वर्षाचं, निर्दोष आणि नर हवं, मेंढरांतलं किंवा शेरडांतलंही चालतं. दहाव्या तिथीला घरी आणायचं, चौदाव्या तिथीच्या संध्याकाळी कापायचं, हाड मोडायचं नाही. योहानाचं शुभवर्तमान क्रुसाच्या प्रसंगी याच हाडांची आठवण देतं. पण वल्हांडणाचं कोकरू पाप वाहून नेत नाही, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लागून घर वाचवतं. तेव्हा 'जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा' या एका वाक्यात योहानाने कोकराकडे बकऱ्याचंही काम दिलं आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी दोन बकऱ्यांचा अर्थ वेगवेगळा लावला. बर्णबाच्या नावावरच्या पत्रात दोन्ही बकरे म्हणजे येशूच. ओरिजेनने मात्र येशूचा खटला चालवणाऱ्या रोमी सुभेदार पिलातासमोरचं दृश्य घेतलं : एक मारला जातो, एक जिवंत सुटतो, आणि सुटणारा तो बरब्बा नावाचा कैदी. चिठ्ठीऐवजी तिथे जमावाचा आरडाओरडा आहे. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र तिसऱ्याच तपशिलावर बोट ठेवतं. त्या दिवशी कापलेल्या जनावरांची धडं छावणीबाहेर जाळत, आणि येशूही वेशीबाहेर मेला.

आमचं वाचन मंडळ 'ईडिपस' वाचतंय. 'जिरारच्या मते ईडिपस निर्दोष आहे' असं एकाने सांगितलं. नाटकात याला आधार आहे का?
— एक वाचक, फोंडा

आधार आहे, पण तो बेताने वापरायचा. फ्रेंच विचारवंत रने जिरार (1923–2015) यांचं म्हणणं थोडक्यात असं : समाज आपसातल्या भांडणाने फुटायला आला की सगळ्यांचा राग एकावर गोळा होतो. त्याला मारलं किंवा हाकललं की शांतता येते, आणि त्या शांततेमुळेच तो खरोखर दोषी होता असं लोकांना वाटतं. मिथक म्हणजे जमावाने सांगितलेली ती हकीकत. आता सोफोक्लीजचं ग्रीक नाटक उघडा. गावात रोगराई आहे, आणि राजा ईडिपस आधीच्या राजाचा खुनी शोधतो आहे. राजा लायसला 'एकाने नव्हे, अनेकांनी' मारलं, असं वाचलेल्या एकमेव साक्षीदाराने सांगितल्याचं ईडिपसचा मेहुणा क्रेऑन कळवतो. ईडिपस स्वतः म्हणतो की साक्षीदार त्याच आकड्यावर ठाम राहिला तर खुनी मी नव्हे, कारण एक म्हणजे अनेक होऊ शकत नाही. साक्षीदाराला बोलावणं जातं. तो येतो. आणि तो प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही! तोवर चौकशी लायसने टाकून दिलेल्या तान्ह्या मुलाकडे, म्हणजे खुद्द ईडिपसच्या जन्माकडे, वळलेली असते.

तरीही 'ईडिपस निर्दोष' असं ठोकून देऊ नका. तिठ्यावर एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारल्याचं तो स्वतःच सांगतो. सोफोक्लीजच्या कथानकात तो दोषीच आहे. जिरारचा मुद्दा नाटकाखालच्या मिथकाबद्दल आहे : रोगराईला एका माणसाचं पाप कारण, हे गाव मुकाट्याने मान्य करतं.

याला जोड म्हणून बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातली योसेफाची गोष्ट घ्या, अध्याय 37, 39 आणि 44. त्यालाही घरच्यांनी टाकलं, वीस रुप्यांना विकलं. त्याचा झगा बुडवला तो बकऱ्याच्याच रक्तात. पुढे मालकाच्या बायकोच्या निमित्ताने किटाळ, आणि शेवटी तोच देशाला दुष्काळातून तारतो. फरक एवढाच की इथे गोष्ट सांगणारा आरोप खोटा म्हणतो. एका बैठकीला नाटक, दुसरीला योसेफ, तिसरीला योहान 11 (लोकांसाठी एकाने मरावं हे हिताचं, असं मुख्य याजक कयफा सांगतो) आणि लूक 23 (त्याच दिवशी हेरोद आणि पिलात मित्र झाले). प्रत्येक वेळी चार प्रश्न : संकट कोणतं, आरोप कोणता, पुरावा कुणाच्या तोंडून, आणि सांगणारा कुणाच्या बाजूचा. मंडळं बहुधा साम्यं मोजण्यात रमतात आणि चौथ्या प्रश्नापर्यंत पोचत नाहीत. वेळ कमी असेल तर त्यालाच आधी घ्या.

देवाला रक्त हवंच होतं का? पाद्रींच्या प्रवचनात एक ऐकू येतं, पुस्तकात दुसरंच.
— एक वाचक, वास्को

'रक्ताशिवाय क्षमा नाही' हे वाक्य इब्री 9:22 मधलं. त्याच ओळीत 'बहुतेक' असा शब्द आहे, तो प्रवचनात गळतो. कारण लेवीय 5:11 प्रमाणे ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे दोन लिटर, सपीठ पापबली म्हणून आणावं, त्यावर तेल घालू नये, धूप ठेवू नये. गरिबाचं पाप पिठाने फिटत होतं. होशेय या संदेष्ट्याचं 'मला यज्ञ नको, दया हवी' हे वाक्य मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोनदा उच्चारतो.

दुसरी गफलत अँसेल्म या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या नावावर होते. 1098 च्या सुमारास त्याने लिहिलं की पापाने देवाचा मान दुखावला, तेव्हा एक तर भरपाई किंवा शिक्षा. त्याच्या मते येशू भरपाई करतो, म्हणून शिक्षेची गरजच उरत नाही. येशूने आपली शिक्षा भोगली, हा विचार ठळक झाला तो सोळाव्या शतकात, विशेषतः कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकामुळे. दोन्ही एकत्र ढवळले की रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा असं विद्रूप चित्र तयार होतं.

जिरार यांनी 1978 साली तर क्रुसावरच्या मरणाला यज्ञ म्हणणंच नाकारलं आणि इब्री पत्राला दोष दिला. पुढे श्वागर या जेझुइट अभ्यासकाच्या सहवासात त्यांनी ते मागे घेतलं. त्यांचं आवडतं उदाहरण राजा शलमोनाच्या न्यायाचं : एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, राजा मूल कापून वाटायला सांगतो; एक बाई मूल कापायला तयार होते, दुसरी मूल जगावं म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडते. दोघींच्या कृतीला एकच शब्द कसा लावायचा, ही त्यांची अडचण. मराठीला ती फारशी जाणवत नाही. पहिली मुलाचा बळी देते, दुसरी स्वतः त्याग करते, आणि 'बळी देणे', 'बळी जाणे', 'बलिदान करणे' ही क्रियापदं आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही.

31 डिसेंबरला मुलं 'ओल्ड मॅन' जाळतात, दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळतो. हेही बळीचे बकरेच का?
— एक वाचक, पणजी

नाहीत. जिरार ज्याला बळीचा बकरा म्हणतात तो तसा आहे हे जमावाला माहीत नसतं, त्याला तो खरा गुन्हेगार वाटतो. ओल्ड मॅनच्या जुन्या पॅन्टीत पेंढा कुणी कोंबला हे वाड्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. लेवीयातल्या विधीशी मात्र त्याचं दूरचं नातं लागतं : तिथेही बकऱ्याने काही केलं असं कुणी मानत नव्हतं. पुतळ्याला शेजारच्या कुणाचं नाव चिकटलं की मात्र प्रकरण वेगळं.

बळीची बाजू घेणारं शास्त्र वाचणाऱ्यांनीच गोव्यात इन्क्विझिशन चालवलं. याला ख्रिस्ती उत्तर काय?
— एक वाचक, डिचोली

बचाव नाही. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे 1560 साली आलं आणि मधली काही वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं. आरोपी हाती लागला नाही तर त्याचा पुतळा जाळत, आणि त्या पुतळ्याला नाव असे. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. 1568 साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, गुपचूप यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळलं. 1580 साली ओर्तांची हाडं उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाकडून कबुली मिळत नाही, तरी शिक्षा अमलात आली.

येशूच्या मरणाचा ठपका सरसकट यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे लिहिलं ते 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेतलं यहुद्यांबद्दलचं हिणकस विशेषण त्याआधी सहा वर्षं, 1959 मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी काढून टाकलं होतं. पणजीत चर्चसमोरची जी बाग आहे, तिला ओर्तांचंच नाव आहे.