जुन्या गाडीची बॅटरी : अर्थिंगची केबल आधी सोडावी, शेवटी जोडावी

पावसाळ्यात काढून ठेवलेली बॅटरी खंडेनवमीच्या पूजेआधी गाडीत पुन्हा बसवायची, हे काम बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत बहुतेक जुन्या गाड्यांच्या घरी एकाच सुमारास निघते आणि केबलविषयीचे प्रश्नही त्याच सुमारास येतात. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. बॅटरी काढताना किंवा बसवताना कोणतीही केबल आधी घेतली तरी चालते, असे मिस्त्री म्हणतात. ते बरोबर आहे का? (खानापूर)

उत्तर : बरोबर नाही. पद्मिनीत बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे मायनस, बॉडीला जोडलेले असते; बॉडीला जाणाऱ्या या जोडणीलाच अर्थिंग म्हणतात. म्हणून काढताना मायनसची केबल सर्वांत आधी सोडावी आणि बसवताना ती सर्वांत शेवटी जोडावी. जोवर अर्थिंग जोडलेले आहे, तोवर गाडीची सगळी बॉडी आणि इंजिन हे बॅटरीचे मायनसच असते. अशा वेळी प्लसचा नट सैल करताना पान्याचे दुसरे टोक मडगार्डला टेकले, तर त्या पान्यातून थेट शॉर्ट होतो, काहीशे अँपिअर प्रवाह वाहतो, पाना तापून चिकटतो आणि बॅटरीभोवती चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन वायू साठलेला असेल तर ठिणगीने बॅटरी फुटूही शकते. अर्थिंग आधीच सुटलेले असेल, तर तोच पाना बॉडीला लागला तरी काहीही होत नाही. अंगठी, हातातले कडे आणि घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवूनच या कामाला हात घालावा.

केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाडीत मागे कोणीतरी हाताला लागेल त्या रंगाची केबल घातलेली असते. बॅटरीवर कोरलेली खूण पाहावी. प्लसचे टोक मायनसपेक्षा किंचित जाड असते, तेही पडताळावे. गाडीत बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीच्या डायनामोऐवजी अल्टरनेटर असेल, तर केबल क्षणभर जरी उलट लागली तरी त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

प्रश्न : आजोबांची १९५०च्या दशकातील मॉरिस मायनर आहे. तिच्यात प्लसची केबल बॉडीला जोडलेली दिसते. पूर्वीच्या मिस्त्रीने चूक केली असावी, असे वाटते. ती उलटी करून घेऊ का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : कृपया करू नका. ती चूक नाही. त्या गाडीची मूळ रचनाच तशी आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्या प्लस बॉडीला जोडून बाहेर पडत, आणि मॉरिस मायनर ही त्यांतलीच. आजचा तरुण मिस्त्री ‘मायनस म्हणजे बॉडी’ एवढेच शिकून आलेला असतो, त्यामुळे तो चांगल्या हेतूने बॅटरी फिरवून बसवतो आणि मग चार्जिंग का होत नाही हे कोणालाच उमगत नाही. या एका गैरसमजाने अनेक जुन्या गाड्यांचे वायरिंग बिघडलेले मी पाहिले आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

बॅटरी उलटी बसली तरी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, पूर्वीच्याच दिशेने फिरतो, कारण त्यातील फील्ड (स्थिर वेटोळे) आणि आर्मेचर (फिरते वेटोळे) या दोहोंतला प्रवाह एकाच वेळी उलटतो. गाडी सुरू होते, दिवे लागतात आणि सर्व ठीक आहे असा समज होतो. मात्र डायनामोच्या लोखंडात मुरलेले चुंबकत्व जुन्याच दिशेचे राहते, म्हणून चार्जिंग होत नाही, आणि इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलची) ठिणगी उलट ध्रुवाची होते. प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड मायनस असला तर ठिणगी कमी व्होल्टवर पडते. तो प्लस झाला की जास्त व्होल्ट लागतात आणि थंडीच्या सकाळी गाडी उचलायला कुरकुरते. नवा रेडिओ किंवा ट्रान्झिस्टरचे कोणतेही उपकरण जोडलेले असेल, तर ते निकामी होते.

कोणी आधीच केबल फिरवल्या असतील, तर मूळ रचनेवर परत यावे. बॅटरी योग्य बाजूने बसवावी, कॉइलच्या दोन बारीक तारांची जागा तपासावी (प्लस बॉडीला असलेल्या गाडीत कॉइलच्या प्लसची तार डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडे, जाते) आणि डायनामोच्या चुंबकत्वाला योग्य दिशा द्यावी. ल्यूकस डायनामोसाठी त्याच्या ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही तारा सोडाव्यात, नंतर बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकापासून एक तार घेऊन ती ‘एफ’ला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवावी. इतर बनावटीच्या डायनामोत हे काम वेगळ्या रीतीने होते. हे करताना तोंड आणि कपडे बॅटरीपासून दूर ठेवावेत. तुमच्या गाडीत आधी सोडायची केबल प्लसची आहे, हेही लक्षात ठेवावे, कारण नियम मायनसचा नसून अर्थिंगचा आहे. बॅटरीजवळ ‘प्लस बॉडीला’ अशी ठळक पट्टी लावून ठेवल्यास पुढच्या मिस्त्रीचेही भले होईल.

प्रश्न : अँबॅसडरला नवी बॅटरी घातली, तरी सेल्फ जड फिरतो आणि चोकची वायर तापते. बॅटरी खराब निघाली का? (निपाणी)

उत्तर : चोकची वायर तापते, हे तुम्ही लिहिले ते फार मोलाचे आहे, कारण दोष तिथेच कळतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते बॉडीशी एका वेगळ्या विणलेल्या पट्टीने जोडलेले असते. ती पट्टी तुटली, गंजली किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहून गेली, की सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह परतीची वाट शोधतो आणि चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जातो. तिला तो पेलत नाही. ती लाल होऊन जळू शकते. ती पट्टी नीट लावेपर्यंत गाडीचा सेल्फ मारू नका.

पट्टी लावल्यावर मल्टिमीटरने खात्री करावी. कॉइलची तार काढून गाडी सुरू होणार नाही असे करावे, मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाच्या शिशावरच, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनच्या घासून चकचकीत केलेल्या भागावर धरावे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. जास्त आला तर मीटरचे पहिले टोक शिशावरच ठेवून दुसरे क्लॅम्पवर, मग बॉडीवर, मग इंजिनवर असे एकेक पुढे सरकवत जावे. आकडा जिथे उडी घेतो, तो जोड खराब. बहुधा रंगकाम करताना बोल्टखाली रंग गेलेला असतो, तो खरवडून धातू उघडा करावा. केबलचेही पाहावे: बाहेरून जाड दिसणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये तांबे अगदी थोडे असते. या गाडीला २५ ते ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल हवी.

प्रश्न : क्लॅम्पवर पांढरी-निळसर भुकटी पुन्हापुन्हा साठते. काय करावे? (चिकोडी)

उत्तर : झाकणे घट्ट लावून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावे, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. दोन्ही धातू चकचकीत करून क्लॅम्प आवळावा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. क्लॅम्प बसत नसेल तर हातोडीने ठोकू नये, आतल्या प्लेटचा जोड तुटतो. स्क्रू ड्रायव्हरने किंचित फाकवून बसवावा.

प्रश्न : माझ्या जुन्या विलीज जीपला ६ व्होल्टची बॅटरी आहे. ती उतरली तर शेजाऱ्यांच्या १२ व्होल्टच्या गाडीवरून जंपर (दोन बॅटऱ्या जोडायची चिमट्यांची केबल) लावू का? आणि जंपरचा योग्य क्रम कोणता? (संकेश्वर)

उत्तर : जीपला लावू नका. दिवे आणि कॉइल दुप्पट व्होल्टसाठी नसतात. बॅटरी उतरवून तिच्या क्षमतेच्या साधारण एक-दशांश अँपिअरने, म्हणजे ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ अँपिअरने, सावकाश चार्ज करावी.

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आणि दोघींचे मायनस बॉडीला असेल, तर आधी उतरलेल्या बॅटरीचे प्लस, मग चांगल्या बॅटरीचे प्लस, मग चांगल्या बॅटरीचे मायनस आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावा, म्हणजे शेवटची ठिणगी हायड्रोजनपासून दूर पडते. काढताना याच्या उलट क्रमाने काढावेत. एका गाडीचे प्लस बॉडीला असेल, तर दोन्ही गाड्यांची बॉडी, अगदी बंपरसुद्धा, एकमेकांना टेकता कामा नये. अशा गाडीला मदत घेताना आधी दोन्ही बॅटऱ्यांची मायनस टोके एका जंपरने जोडावीत, मग दुसरा जंपर चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावावा आणि त्याचा दुसरा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला लावावा, कारण तिथे तो धातूच प्लस असतो.