चूक कळवू की गप्प बसू?

वैमानिकांच्या चुकांची नोंद सक्तीची असावी का, यावर पुन्हा पत्रांचा ढीग आला आहे. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न : ज्या कंपनीचे रिपोर्ट जास्त, ती धोकादायक ना?

नाही. रिपोर्ट जास्त म्हणजे तिथले लोक न घाबरता चुका कळवतात. उलट ‘आमच्याकडे एकही घटना नाही’ अशी जाहिरात दिसली की मी दचकतो.

प्रश्न : सक्ती केली की अपघात कमी होतील, मग अडतंय कुठे?

सक्तीने हाती येतं ते बहुतेकदा आधीच कुणाला तरी दिसलेलं असतं : इंजिन बंद पडलं, विमान परवानगीशिवाय धावपट्टीवर शिरलं. पण कॅप्टनने उंचीचा आकडा चुकीचा ऐकला आणि सहवैमानिकाने वेळेत टोकलं, तर ते त्या दोघांनाच ठाऊक. दंडाची भीती असेल तर ते कॉकपिटबाहेर येतच नाही.

1 डिसेंबर 1974 ला ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. अ‍ॅप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या दिशेने येण्याची, परवानगी मिळाली म्हणजे लगेच उंची कमी करायला हरकत नाही, असा वैमानिकांचा समज झाला होता. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. त्या वैमानिकांनी कळवलं, त्यांच्या कंपनीने आपल्या लोकांना सावधही केलं. बाहेर कुणाला पत्ता नाही! कळवणं झालं होतं, पोचवणं राहिलं. त्यानंतर 1976 मध्ये अमेरिकेत ऐच्छिक नोंदीची व्यवस्था सुरू झाली आणि ती मुद्दाम नासाकडे दिली, कारण दंड करणाऱ्याकडेच कबुली कोण देईल? तिथे नावगाव काढून टाकतात आणि धडा सगळ्यांना पाठवतात. सक्ती हवीच, पण अशा ऐच्छिक नोंदीच्या जोडीशिवाय ती अर्धवट.

प्रश्न : म्हणजे रिपोर्ट केला की सगळं माफ?

ही कँटीनमधली अफवा. जाणूनबुजून मोडलेला नियम, गुन्हा किंवा अपघात असेल तर त्या अमेरिकी व्यवस्थेतही संरक्षण नाही. इतरत्र नियम वेगळे. आधी वकिलाला विचारा.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी चुकीच्या टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या जमिनीवरच्या मार्गावर) वळलो. कुणी पाहिलं नाही. मित्र म्हणतात, गप्प बस.

तीन आठवडे? युरोपात सक्तीच्या नोंदीला 72 तास मिळतात, अमेरिकेत दंडातून सूट हवी असेल तर 10 दिवस. मित्रांना सोडा. आजच वैमानिक संघटनेच्या कायदा सल्लागाराशी बोला, मग कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला गाठा. मुदत गेली असली तरी लिहा. तिथल्या खुणा पुसट असतील, तर उद्या दुसराही तसाच वळेल.

प्रश्न : ब्लॅक बॉक्समध्ये सगळं असतंच की?

नसतं. बऱ्याच विमानांत कॉकपिटमधलं बोलणं शेवटच्या 2 तासांचंच राहतं.