पहिली जुनी अमेरिकन लष्करी रायफल कोणती घ्यावी, आणि ती अस्सल आहे हे कसं ओळखावं?

तुम्ही अमेरिकेत राहता, एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी रायफली जमवायच्या म्हणता, आणि पहिली यादवी युद्धातलीच हवी असं लिहिलंय. माझं ऐकाल तर 1861 ची स्प्रिंगफील्ड, म्हणजे त्या युद्धातली तोंडाकडून दारू-गोळी ठासायची रायफल, जरा थांबू दे. आधी ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड घ्या, तीही 1884 च्या नमुन्याची पूर्ण लांबीची रायफल.

1865 साली युद्ध संपलं तेव्हा सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचा प्रचंड साठा पडून होता. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचा मुख्य कारागीर अर्स्किन ॲलिन याने नळीच्या मागच्या टोकाला वरून खाच घेतली आणि तिथे बिजागरीची झडप बसवली. झडप उचलायची, मागून काडतूस सरकवायचं. जुन्या मालातून नवी बंदूक उभी करण्याची ही हिकमत मला आजही थक्क करते. पुढे 1873 च्या नमुन्यापासून 0.45 इंची नळी आली आणि 1892 मध्ये क्राग रायफल निवडली जाईपर्यंत हीच सैन्याची मुख्य बंदूक राहिली. पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणून चांगला नमुना अजूनही आवाक्यात मिळतो.

शिकण्यासाठी ही उत्तम, कारण तिच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. दस्त्याच्या डाव्या बाजूला तपासनिसाची आद्याक्षरं आणि खाली साल असा ठसा दिसेल. 1880 च्या दशकातल्या रायफलींवर बहुधा ‘एस डब्ल्यू पी’. चापाच्या कडीमागे लाकडावर वर्तुळातला ‘पी’, म्हणजे बंदूक चाचणीत उतरल्याची खूण. झडपेवरचं 1873 किंवा 1884 हे नमुन्याचं साल. बंदूक कधी बनली ते दस्त्यावरचा ठसा आणि अनुक्रमांक सांगतात. हे दोन्ही जुळतात का ते पाहा. मग लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे बोट फिरवा. लाकूड धातूपेक्षा खाली गेलं असेल आणि ठशाच्या कडा बुजल्या असतील, तर कुणीतरी दस्ता पॉलिश पेपरने घासलाय. अशी बंदूक कितीही चकचकीत दिसली तरी सोडून द्या. घरी आणल्यावर तुम्हीही घासू नका. गंज वाढू नये एवढा तेलाचा हात पुरे. दीडशे वर्षांचा काळसर रंग एकदा गेला की परत येत नाही.

कार्बाइनच्या, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीच्या, मोहात सुरुवातीला पडू नका. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या प्रसिद्ध लढाईत मूळ अमेरिकनांकडून हरलेल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या घोडदळाकडे ती होती, म्हणून तिला फार भाव आहे आणि म्हणूनच रायफली कापून कार्बाइन बनवल्या जातात. रायफलची नळी साडेबत्तीस इंचांहून थोडी जास्त, कार्बाइनची 22. कार्बाइनला नळीखाली गज, म्हणजे नळीत घालायची लोखंडी सळई, नसतो. दस्त्याच्या पुढच्या टोकाला गजाची खाच बुजवल्याची खूण दिसली तर ती कापलेली रायफल समजा.

कायद्याचं थोडक्यात: 1968 च्या फेडरल कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरली जाते, म्हणजे तिला आधुनिक बंदुकांचे बहुतेक फेडरल नियम लागत नाहीत. ट्रॅपडोअर सगळ्याच त्याआधीच्या. क्राग मात्र 1904 पर्यंत बनत होती, तिथे अनुक्रमांक बघावाच लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. आणि ही सवलत अमेरिकेपुरतीच. भारतात न्यायची तर तिथला 1959 चा शस्त्र कायदा आडवा येतो.

पुढे ठासणीची घ्यालच, तेव्हा ती भरलेली आहे असंच धरून चाला. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे 27,500 बंदुकांपैकी बहुतेक भरलेल्या निघाल्या, कित्येकांत एकावर एक दोन-दोन बार ठासलेले होते. नळीत लाकडी काठी टाका, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. काठी तळापर्यंत पोचली नसेल तर आत काहीतरी आहे. लगेच जाणकाराकडे न्या. त्या युद्धात दोन्ही बाजूंनी वापरलेली ब्रिटिश एन्फिल्डही तुम्हाला भेटेल. आपल्याकडे 1857 च्या काडतुसांचा वाद पेटला तो याच 1853 च्या नमुन्यावरून, त्यामुळे माझा जीव तिच्यावर जरा जास्तच आहे.

ट्रॅपडोअर चालवून बघायची असेल तर काळी दारू आणि शिशाची गोळी, एवढंच. तिच्याच मापाची (.45-70) आजची जोरकस काडतुसं तिच्या झडपेला सोसत नाहीत. पैसे मोजण्याआधी स्प्रिंगफील्डचं जुनं शस्त्रागार बघून या. 1968 मध्ये ते बंद झालं, आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे संग्रहालय आहे. अस्सल ठसे कसे दिसतात ते तिथे नीट बघून घ्या.