वाचकांचे प्रश्न : जिवाणू ओळखायला जिवाणू

प्रश्न : को-ॲग्लुटिनेशन चाचणीत प्रतिपिंड (ठरावीक जिवाणूला चिकटणारी, शरीराने बनवलेली प्रथिने) आधी स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर चढवतात आणि मग नमुन्यातला जिवाणू ओळखतात. पण प्रतिपिंड थेट वापरूनही जिवाणू ओळखता येतात. मग ते आधी स्टॅफिलोकॉकसवर चढवायचे कशाला?

उत्तर : प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो जिवाणूचा अंश) थोडा किंवा विरघळलेला असेल, तर नुसत्या प्रतिपिंडांनी झालेले जाळे डोळ्यांना दिसत नाही. प्रतिपिंडांमागे अख्खी पेशी असली की तेच जाळे स्लाइडवर मिनिट-दोन मिनिटांत दाणेदार दिसते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या भिंतीवरचे प्रोटीन-ए आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडाला शेपटीकडून, म्हणजे एफसी भागाने धरते. प्रतिजन पकडणारे दोन्ही हात बाहेर मोकळे राहतात. शरीरात ही उलटी पकड त्या जिवाणूला भक्षक पेशींपासून वाचवते. इथे तीच खोड आपल्या कामी येते. १९७३ मध्ये क्रोनवाल यांनी न्यूमोकॉकस या जिवाणूचे प्रकार ओळखण्यासाठी ही पद्धत मांडली. प्रोटीन-ए भरपूर असलेला कोवन-१ हा वाण त्यासाठी घेतात.

प्रश्न : हे अभिकर्मक (चाचणीचे द्रावण) प्रयोगशाळेत कसे बनवावे?

उत्तर : कोवन-१ ब्रॉथमध्ये ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर वाढवा. सेंट्रिफ्यूज करून फॉस्फेट बफर सलाइनने धुवा. ०.५ टक्के फॉर्मल्डिहाइड असलेल्या बफरमध्ये खोलीच्या तापमानाला ३ तास ठेवा आणि पुन्हा नीट धुवा. फॉर्मल्डिहाइडचा अंश उरला तर पुढे तो प्रतिपिंडांनाही बाधतो. मग ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये १ तास. थंड करून धुतल्यावर १ मिली घट्ट गाळाला ९ मिली बफर, असे १० टक्के मिश्रण करा.

यातल्या १ मिलीमध्ये ०.१ मिली सशाचा अँटीसिरम (ओळखायच्या जिवाणूची लस दिलेल्या सशाच्या रक्तातला प्रतिपिंडयुक्त द्रव) घालून अर्धा तास हलवत ठेवा. दोनदा धुवा आणि ०.१ टक्के सोडियम अझाइड असलेल्या १० मिली बफरमध्ये मिसळा. ही १ टक्का अभिकर्मकाची बाटली ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

घोळ होतो तो सिरमच्या निवडीत. प्रोटीन-ए सिरममधले कोणतेही आयजीजी धरते, नेमके आणि बिनकामाचे असा भेद करत नाही. सिरम कमकुवत असेल तर जास्त ओतून काही साधत नाही. सगळ्या जागा भलत्याच प्रतिपिंडांनी भरतात. सिरम मुळातच उच्च टायटरचा, म्हणजे नेमके प्रतिपिंड भरपूर असलेला हवा. शिवाय जवळच्या गटाशी तो प्रतिक्रिया देत असेल, तर त्या गटाच्या पेशींनी आधी शोषून घ्यावा.

प्रश्न : मेंदूभोवतीच्या द्रवाचे नमुने तपासताना कंट्रोलमध्येही गुठळ्या होतात. असे का?

उत्तर : त्या द्रवात रुग्णाचे स्वतःचे प्रतिपिंड आणि इतर प्रथिने असतात, ती स्टॅफिलोकॉकसशीच जुळतात. नमुना ५ मिनिटे उकळत्या पाण्यात धरा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा स्वच्छ द्रव वापरा. प्रथिने गोठून खाली बसतात, जे शोधायचे ते जिवाणूच्या कवचातले पॉलिसॅकराइड (कर्बोदक) टिकते. कंट्रोल म्हणजे सामान्य, लस न दिलेल्या सशाच्या सिरमने तसेच लेपलेले स्टॅफिलोकॉकस. नुसते बफर हा कंट्रोल नव्हे. उकळूनही दोन्हीकडे गुठळ्या झाल्या तर निकाल ‘अनिर्णित’ लिहावा. ‘इकडे जरा जास्त दिसते’ म्हणून पॉझिटिव्ह देण्याचा मोह टाळा. गुठळ्या झाल्याच नाहीत तरी नमुना दहापट पातळ करून पाहा, कारण प्रतिजन फार असला तरी जाळे विणले जात नाही. कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहणे) मात्र दोन्ही बाबतींत चालूच ठेवायचे.

कॉलनीवरून (वाढलेल्या जिवाणूंच्या पुंजक्यावरून) तपासत असाल तर आधी ती साध्या सलाइनमध्ये मिसळून बघा. खडबडीत कॉलनी तिथेच आपोआप दाणे धरते.

प्रश्न : स्ट्रेप्टोकॉकसचे ए, बी, सी, जी गट स्पष्ट दिसतात, डी गटच का फसतो?

उत्तर : पहिल्या चौघांचा गट-प्रतिजन भिंतीतले कर्बोदक आहे, सहज हाताशी येते. डी गटाचा प्रतिजन लिपोटायकोइक आम्ल आहे, पेशीपटलात रुतलेले. तिथे बाइल-एस्क्युलिन चाचणीवर (पित्त असलेल्या माध्यमात जिवाणू एस्क्युलिन फोडतो का ते पाहण्यावर) भर द्या.

प्रश्न : कोंबडीचा किंवा शेळीचा अँटीसिरम चालेल?

उत्तर : कोंबडीचा अजिबात नाही, त्या प्रतिपिंडांना प्रोटीन-ए धरतच नाही. शेळीचे फारच सैल धरते. सशाचा सिरमही लसीकरणानंतर लगेच काढलेला नको, त्यात आयजीएम हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार जास्त असतो आणि तो बव्हंशी धुऊन जातो.

प्रश्न : पेशी मेलेल्या आहेत, मग उरलेले अभिकर्मक बेसिनमध्ये ओतावे का?

उत्तर : नाही. अझाइड विषारी आहेच, शिवाय शिसे आणि तांब्याच्या नळांत साचून स्फोटक क्षार तयार करते. ते रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत जमा करा.