ए.सी. बसवला, इंजिन बसलं आणि गाडी गॅरेजवाल्याने अडवली

प्रश्न : वडिलांची १९९४ सालची अँबेसेडर आम्ही हौसेने जपली आहे. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन थकलं, म्हणून गेल्या वर्षी बऱ्हाणपूरच्या एका गॅरेजमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं जुनं इंजिन टाकलं. आरसी बुकावर ते अजून चढवलेलं नाही. यंदा एप्रिलमध्ये तिथेच ए.सी. बसवला. ९८ हजार ठरले, ६० हजार यूपीआयने दिले. मे महिन्यात रावेरहून चोपड्याला लग्नाला निघालो. अडावदच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. लग्नाची वेळ होत आली होती, म्हणून चार किलोमीटर तशीच रेटली, मग बॉनेटमधून वाफा निघाल्या. हेड गॅस्केट उडालं, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण वाकलं. गाडी त्याच गॅरेजला पोचवली. मालक म्हणतो, ‘ए.सी. थंडगार चालतोय, इंजिन तुमचं जुनं. उरलेले ३८ हजार आणि गाडी उभी असल्याचे रोजचे दोनशे द्या, मग न्या.’ पुतण्या म्हणतो, टोचन लावून ओढून आणू. काय करावं? तक्रार केली तर इंजिनाचं प्रकरण माझ्याच अंगाशी येईल का?
– रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक

उत्तर : आधी पुतण्याला थांबवा. गाडी तुमची असली तरी ती तशी ओढून आणली तर चोरीची फिर्याद तुमच्यावर होऊ शकते. चोरीच्या व्याख्येखाली कायद्यानेच एक उदाहरण दिलं आहे. दुरुस्तीचे पैसे बाकी म्हणून कारागिराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलं आणि मालकाने ते पैसे बुडवण्यासाठी काढून नेलं, तर तो मालक चोर ठरतो. जुन्या भारतीय दंडसंहितेतलं हे उदाहरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही कायम आहे.

गॅरेजवाल्याला गाडी अडवता येते का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर कष्ट आणि कौशल्य खर्च करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क आहे. पण ज्या हेतूने वस्तू सोपवली, त्या हेतूप्रमाणे काम झालेलं असलं पाहिजे. तुमचा खरा वाद इथेच आहे. रोजच्या दोनशे रुपयांना मात्र मला काहीच आधार दिसत नाही. तसं आधी ठरलेलं नव्हतं, आणि स्वतःच्या येणे रकमेसाठी त्यानेच अडवलेल्या गाडीचं भाडं तो तुमच्याकडून मागू शकत नाही.

आता कामाचं. तुम्ही पाठवलेला पुढच्या जाळीच्या आतला फोटो मी मोठा करून पुन्हापुन्हा पाहिला. कंडेन्सर रेडिएटरला जवळजवळ चिकटला आहे. मागे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुनाच पंखा आहे. त्याभोवती हवा खेचून धरणारं आवरण नाही, वेगळा इलेक्ट्रिक पंखा नाही आणि रेडिएटरही आधीचाच दिसतो. ए.सी. गाडीतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. ती तापलेली हवा थेट रेडिएटरवर जाते. कंप्रेसर इंजिनाची ताकद खातो तो भार वेगळाच. खानदेशात मे महिन्यात मुळात हवाच पंचेचाळीसच्या घरात असते. म्हणून कंपनीतून ए.सी. न आलेल्या गाडीला तो बसवताना रेडिएटरची क्षमता आणि पंखा बघणं हा त्याच कामाचा भाग आहे. आत गार हवा येते एवढ्याने काम पुरं होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. निष्काळजीपणा त्यात येतो, तसंच माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणंही येतं. इंजिन त्यानेच टाकलं होतं, त्यामुळे ‘जुनं इंजिन’ ही त्याला नवी बातमी नव्हती. शंका होती तर ए.सी. बसवण्याआधी सांगायचं. उलट तुम्ही विचारलंत, ‘गरम तर होणार नाही ना?’ आणि उत्तर आलं, ‘बिनधास्त चालवा भाऊ.’ व्हॉट्सअॅपवरचा हा एवढासा निरोप तुमच्या सगळ्या कागदांपेक्षा वजनदार आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तुमची कमजोर बाजू ती चार किलोमीटर. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. ते तक्रारीत तुम्हीच लिहा. काटा लालमध्ये जाणं हा थंड करण्याच्या व्यवस्थेचा दोष, त्यानंतर गाडी रेटल्याने नुकसान वाढलं असेल. किती वाढलं हे तज्ज्ञाने सांगायचं आहे, आणि ग्राहक आयोग तेवढी रक्कम कमी करू शकतो. लपवलंत आणि उलटतपासणीत निघालं, तर व्हॉट्सअॅपच्या निरोपावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून तज्ज्ञाचा अहवाल आधी हवा. परवानाधारक सर्व्हेअर किंवा तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवणारे सर, कुणीतरी तटस्थ माणूस घेऊन गॅरेजला जा. वाकलेल्या हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजमाप घ्यायला सांगा, रेडिएटर आतून चोंदलेला होता का तेही बघायला सांगा. उडालेलं गॅस्केट भंगारात जाऊ देऊ नका. तुमच्या दुसऱ्या फोटोत हेड काढलेलं आहे आणि उघड्या सिलिंडरमध्ये नुसत्या चिंध्या कोंबल्या आहेत. गाडी उघड्यावर आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यातली वस्तू स्वतःची असती तर शहाणा माणूस जेवढी जपेल तेवढी जपणं त्याच्यावर बंधनकारक आहे. इंजिन झाकून ठेवा, असं त्याला आजच लेखी कळवा.

त्यानंतर वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस द्या. फरक पडला नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. गॅरेज मध्य प्रदेशात म्हणून बऱ्हाणपूरला खेटे घालण्याची गरज नाही. आपल्या भागाचे बाजारहाट आणि सोयरिकी त्या गावाशी आहेत, असे सीमेपलीकडचे वाद माझ्याकडे नेहमी येतात. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, कलम ३४. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. ३८ हजार आयोगात भरण्याची तयारी दाखवा आणि गाडी सोडण्याचा आदेश मागा. एवढं थांबायचं नसेल तर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं लिहून रक्कम बँकेतून भरा आणि गाडी आणा. रोख देऊ नका.

इंजिनाची भीती खरी आहे, पण त्यापायी गप्प बसू नका. ए.सी. बसवणं हा माझ्या मते गाडीच्या मूळ रचनेतला बदल नाही. तरी त्यासाठी पुढची पट्टी किंवा चासी कापली असेल तर मला कळवा, त्याने उत्तर बदलेल. इंजिनाचं तसं नाही. आरसीवर १४८९ सीसी आणि जुना इंजिन नंबर, बॉनेटखाली भलतंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचा असतो, आणि कलम १८२-अ(४) खाली प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला आहे.

तेव्हा ग्राहक तक्रारीच्या आधी जळगाव आरटीओत स्वतः अर्ज करा. इंजिन कुणाकडून घेतलं याची पावती जोडा. पावती नसेल तर गॅरेजवाल्याकडून मिळवा, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे ती मिळणार नाही. एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे : हिंदुस्थान मोटर्सनेच नव्वदच्या दशकात इसुझू इंजिनाची अँबेसेडर विकली होती. तो अर्जात ठळकपणे मांडा. मंजुरी मिळेलच असं मी म्हणत नाही. नाकारली तर मूळ इंजिन परत बसवावं लागेल, म्हणून ते विकलं नसेल तर विकू नका. निकाल लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

विम्याकडून या नुकसानीची अपेक्षा ठेवू नका, यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत वगळलेला असतो. इंजिन आणि ए.सी. दोन्ही मात्र विमा कंपनीला लेखी कळवा.

नोटिशीनंतर गॅरेजवाला बोलणीला येईल असं मला वाटतं. त्याने हेड प्लेन करून, गॅस्केट, मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा स्वखर्चाने लावला, दोनशेचं भाडं सोडलं आणि इंजिनाची पावती दिली, तर ३८ हजार देऊन मिटवा. पण पैसे हातावर ठेवण्याआधी, आरटीओची मंजुरी आल्यावर, भर दुपारी ए.सी. चालू ठेवून गाडी त्यालाच बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या दिशेने तासभर चालवायला लावा, तुम्ही शेजारी बसा आणि काट्याचा व्हिडिओ घ्या. ही चाचणी आणि तिची जोखीम त्याची, हेही तडजोडीच्या कागदात लिहून घ्या.